पायरीवरचा अंगठा

"पूस. परत एकदा पूस," परसूअण्णा म्हणाला.

आईनं अंगठा पदराला पुसला, केसांवरून फिरवला आणि पुन्हा रेशन दुकानातल्या त्या काळ्या मशीनच्या काचेवर टेकवला. मशीननं नेहमीसारखा लाल दिवा दाखवला. मागं रांगेतल्या बायका एकदम गप्प झाल्या. मला त्या गप्प होण्याचाच जास्त राग आला, कारण आमच्या गावच्या रांगेत एरवी कुणी क्षणभर तोंड मिटत नाही.

"शालनवैनी, मी तरी काय करू?" परसूअण्णा म्हणाला. "मशीननं अंगठा घेतल्याबिगर मला धान्य सोडता येत न्हाई."

"ऱ्हाऊ दे. न्हाईतरी तुझ्या गव्हात किडंच लई," आई म्हणाली. तिनं रिकामी पिशवी झटकून घडी घातली आणि मान वर करून चालू लागली.

मी मागून धावले. "आई, किती महिने झाले असं?"

"विद्यापीठानं तुला आईला बी प्रश्न विचारायला ठेवलंय व्हय?"

ठेवलं होतंच तसं म्हटलं तर. त्या वर्षी मी बी.ए. होऊन घरी बसले होते आणि विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाच्या हुदलीकर मॅडम आमच्या गावात अभ्यास करायला आल्या होत्या. घाटमाथ्यावरच्या आमच्या गावात काजूचा कारखाना आहे. गावातल्या निम्म्या बायका तिथं काजू फोडतात. या बायकांचं घर कसं चालतं, त्या खातात काय, आजारी पडल्या तर जातात कुठं, असा तो अभ्यास होता. मॅडमना गावातली, बायकांच्या चुलीपर्यंत जाऊ शकणारी मुलगी हवी होती. मी चुलीपर्यंत काय, डब्यापर्यंत जात होते.

आमचं घर दोघींचं. वडील मी लहान असतानाच गेले. रेशनकार्डावर माझं नाव होतं, पण आधार जोडायला दिलेले कागद तालुक्याला गेले ते गेलेच. त्यामुळं धान्य मिळायचं तर आईच्याच अंगठ्यावर. आई कारखान्यात राबायची, तरी रेशनचा तांदूळ नसला की महिनाअखेरीला आमच्या घरी पेज पातळ व्हायची. आई म्हणायची, पातळ पेज पचायला हलकी.

मॅडमना ही भानगड आधी कळलीच नाही. त्या घरोघरी विचारायच्या, "रेशनचं धान्य मिळतं का?" आणि बाया ठसक्यात सांगायच्या, "आमी सरकारी धान्य खाईत न्हाई." एक नाही, दोन नाही, कारखान्यातल्या सगळ्या एकट्या बाया तेच सांगायच्या. शेवटी एका दुपारी मॅडम मला म्हणाल्या, "स्वप्नाली, ज्यांच्या घरी डाळ आठवड्यातून दोनदा शिजते त्या बायका धान्य नाकारतात? मला काहीतरी कळत नाहीये."

मला हसू आलं आणि मग लाज वाटली. मी सांगून टाकलं. "मॅडम, त्यांचे अंगठे लागत नाहीत. ज्यांच्या घरी नवरा नाहीतर पोरगा आहे त्यांचं भागतं. एकट्या अडकतात."

"मग सांगत का नाहीत?"

"देवीमुळं."

आता हे समजावून सांगायचं म्हणजे आमच्या गावची पायरी सांगायला हवी. आमच्या ग्रामदेवीच्या देवळाला एक काळी पायरी आहे. गावात चोरी झाली, बांधावरून भांडण झालं, कुणाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडाले, की माणूस शपथ घेऊन, भंडाऱ्यात अंगठा बुडवून त्या पायरीवर उठवतो. अंगठा उठवला की विषय मिटला. पुढं पोलीस नाही, पंचायत नाही. आणि जो खोटा अंगठा उठवेल त्याचा अंगठा देवी पुसून टाकते, असं आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. रेशनचं मशीन गावात आलं तेव्हा दुकानाच्या रांगेत कुणीतरी हसत म्हणालं, "आता देवीला पायरी नको, परसूचं मशीनच सांगतंय खरं-खोटं." झालं. त्यानंतर जिचा अंगठा लागला नाही ती मुकाट पिशवी घडी घालून घरी गेली. आणि आयुष्यात एखादी खोटी शपथ कुणी घेतलेली नसते? प्रत्येकीला आपापली आठवली असणार.

मॅडमनी ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, त्यामुळं मला त्या आवडल्या. त्यांनी फक्त विचारलं, "शेतात भांगलण करणाऱ्या, भात लावणाऱ्या बायकांचा अंगठा लागतो?"

"लागतो की."

"मग काजू फोडणाऱ्यांचाच का नाही?"

मी रोज आईचे हात बघत होते. काजूच्या टरफलातलं तेल लागून काळेठिक्कर पडलेले, साल निघालेले, राख चोळून चोळून खरबरीत झालेले. तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. घरातल्या माणसाचे हात आपण बघत कुठं असतो?

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मॅडमनी कारखान्यातल्या बायांना शाळेच्या खोलीत जमवलं. "कुणाकुणाचा अंगठा लागत नाही?" असं विचारल्यावर एकीचाही हात वर झाला नाही. मॅडमनी आग्रह केला नाही. पिशवीतून शाईचं पॅड आणि कोरे कागद काढले आणि म्हणाल्या, "बरं, सगळ्यांनी एकेक अंगठा इथं उठवा. माझाही घेते."

मॅडमच्या अंगठ्याच्या रेघा कागदावर स्पष्ट उमटल्या. मग एकेक बाई पुढं आली. रखमामावशी, सुरेखा, धाकटी मालन. कागद भरत गेला तशी खोलीत कुजबुज सुरू झाली. सगळे काळे गोळे. कुठं रेघ नाही, वळण नाही.

"अगं, म्हंजे तुजा बी?" रखमामावशी सुरेखाला म्हणाली.

"आणि तुजा बी?"

"मी तर मेलीनं दोन सोमवार उपास केलं ग देवीचं!" मालन म्हणाली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मग सगळ्याच हसायला लागल्या. एकमेकींचे अंगठे धरून बघायला लागल्या. मॅडम सांगत होत्या की हे तेल कातडं जाळतं, रेघा झिजवतं, याचा शपथेशी काही संबंध नाही, हा तुमचा कुणाचा दोष नाही. मी इतकी वर्षं शाळा-कॉलेजात बसले, पण शिकण्याचा उपयोग काय असतो ते मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

फक्त आई हसत नव्हती. तिच्या अंगठ्याचा गोळा सगळ्यांत शेवटी, कागदाच्या कोपऱ्यात होता. ती त्याच्याकडं बघत राहिली होती.

घरी येताना वाटेत ती थांबली. "म्हंजे देवीनं काय केलंच न्हाई?"

"नाही ना! तेच तर सांगितलं मॅडमनी. देवीचा काय संबंध?"

"काईच शिक्षा न्हाई?"

"अगं कसली शिक्षा? आता अर्ज करायचा, धान्य सुरू होईल."

त्या दिवशी ती जेवली नाही. मला वाटलं, दमली असेल. मी माझ्याच आनंदात होते.

मॅडमनी तालुक्याला जाऊन पुरवठा अधिकाऱ्यांची गाठ घेतली. या बायकांना अंगठ्याऐवजी डोळ्याचं मशीन द्या, डोळ्यावर ओळख पटवून धान्य द्या, एवढीच मागणी होती. साहेब बोलायला गोड होते. म्हणाले, "मॅडम, वय झालं की सगळ्यांच्याच रेघा झिजतात. काजूमुळंच झिजतात कशावरून? काम सोडलेल्या एखाद्या बाईच्या रेघा परत आलेल्या दाखवा. मी स्वतः गावात येऊन बघतो."

काजूचं काम सोडून गावातच राहिलेली बाई आमच्याकडं एकच होती. गौराक्का.

मॅडमनी तिचं नाव विचारलं तेव्हा मी जरा चाचरलेच. मी दहावीत असताना कारखान्यातून काजूगर चोरीला जायला लागला होता. मुकादम म्हणाला, चोर सापडला नाही तर सगळ्यांना घरी बसवतो. बायांनी ठरवलं, पायरीवर जायचं. सगळ्या ओळीनं गेल्या आणि भंडाऱ्यात अंगठा बुडवून पायरीवर उठवून आल्या. गौराक्का तेवढी गेली नाही. "मी घेतलं न्हाई तर देवीला कशापायी राबवू?" म्हणाली. आमच्या गावात एवढं पुरेसं होतं. पायरी नाकारली म्हणजे चोर तीच. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या शेतात राबायची आणि कारखान्यातल्या कुठल्याही बाईच्या हळदीकुंकवाला जायची नाही. बोलवायचंही कुणी नाही म्हणा.

मी आणि मॅडम तिच्या अंगणात गेलो तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. आईपेक्षा वयानं मोठी, पण पाठ ताठ. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. तिनं शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि कागदावर उठवला. नांगरलेल्या रानासारख्या रेघा उमटल्या, एकेक मोजून घ्यावी अशी. मॅडमचा चेहरा उजळला.

"साहेब येतील त्या दिवशी देवळात येऊन एवढंच करायचं," त्या म्हणाल्या.

"कुणासाठी?" गौराक्कानं विचारलं.

"कारखान्यातल्या बायकांसाठी. त्यांचं धान्य सुरू होईल."

गौराक्कानं कागद मॅडमच्या हातात परत दिला. "मला चोर म्हनून काढलं तवा ह्यांतली एक बाई तोंडातनं शबुद बोलली न्हाई. माझ्या दारात पानी प्यायला आली न्हाई. आता त्यांच्यापायी मी अंगठा उठवू? त्याच देवळात?" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझी आई बी त्यांच्यातच व्हती. घरला जावा."

मी घरी येऊन तणतणत सगळं सांगितलं. "एवढा ताठा कशाला? बिचाऱ्या रखमामावशीनं काय केलंय तिचं?"

आई भाकरी थापत होती. तिनं परातीतलं पीठ तसंच सोडलं, हात धुतले आणि चपला घातल्या.

"कुठं निघालीस?"

"चल माझ्यासंगं. तुला बी ऐकायला पायजे."

गौराक्काच्या अंगणात आई उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. आत ये कुणी म्हणालं नाही. आई काही क्षण नुसतीच पदराचं टोक पिळत होती. मग म्हणाली, "गौराक्का, गर मी घेतलावता."

गौराक्कानं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"ही पोरगी तापातनं उठलीवती. नुसती काटकी झालीवती. डाक्टर म्हनला, काय तरी ताकदीचं घाला. मी लुगड्याच्या वट्यातनं मूठ-मूठ आनला. सगळ्यांसंगं मी बी पायरीवर अंगठा उठवला. खोटा. आन तू उठवला न्हाईस, तर तुला काढलं."

मला तो गर आठवला. तुपात परतलेला तुकडा गर, वाटीत घालून आई समोर बसून खायला लावायची. कारखान्यातनं मिळाला, म्हणायची. मी चाटूनपुसून खायचे. अंगणात उभ्या उभ्या माझ्या तोंडात ती चव आली. मला आईचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी तिच्या अंगावर पडून रडावंसं वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही.

"मशीन लागंना झालं तवा मला बरं वाटलं बग," आई सांगत होती. "म्हनलं, देवीनं पुसला अंगठा. धान्य बंद केलं. तुझं फेडून घेतीया माझ्याकडनं. आता ह्या मॅडम म्हनत्यात देवीनं काई केलंच न्हाई. मग माझं फिटलं कुठं?"

गौराक्काचा आवाज आला, अगदी बारीक. "माझ्या पोरानं शाळा सोडली त्या साली. चोरनीचा पोरगा म्हनायची पोरं." ती उठली. "मला एकटीला दारात येऊन सांगू नगंस. मला ठावं हाय की मी चोर न्हवते. ज्यांना ठावं न्हाई त्यांच्यात सांग."

साहेब आले तो दिवस उन्हाचा होता. देवळाच्या सभामंडपात परसूअण्णानं मशीन मांडलं. कारखान्यातल्या बायांनी एकेक करून अंगठे लावले, एकेक लाल दिवा लागला. आईचाही अंगठा लागला नाही. मॅडम दरवाजाकडं बघत होत्या. गौराक्का येईल असं मला अजिबात वाटत नव्हतं.

ती आली. काळ्या पायरीवरून सरळ आत चढली, मशीनवर अंगठा टेकवला आणि हिरवा दिवा लागला. परसूअण्णानं नकळत टाळी वाजवली.

"वय काय तुमचं मावशी?" साहेबांनी विचारलं. तिनं सांगितलं. ती तिथल्या बहुतेक जणींपेक्षा थोरली होती. साहेबांनी मान डोलावली. "आणि काजूचं काम कधी, का सोडलं?"

गौराक्कानं आईकडं बघितलं. मी आईच्या शेजारी बसले होते, तिचा श्वास मला ऐकू येत होता. आईचे ओठ हलले. पण आवाज फुटला नाही. तिनं मान खाली घातली.

"सोडलं," गौराक्का म्हणाली. "सोडलं आपलं."

आणि आली तशी पायरी उतरून निघून गेली.

डोळ्याचं मशीन आलं. परसूअण्णा बायांना म्हणायचा, "बघा वैनी, डोळं मोठं करा, नवऱ्यावर करत व्हता तसं." रांगेत पुन्हा कालवा सुरू झाला. आमच्या घरी तांदूळ आला. आई तो निवडायची, शिजवायची, मला वाढायची आणि स्वतः भाकरी खायची. मी बोलून थकले. मी तिच्याशी नीट बोलतही नव्हते तेव्हा, हेही खरं.

हुदलीकर मॅडमची एक पद्धत होती. अहवाल छापायला देण्याआधी त्या तो ज्यांच्याविषयी लिहिला त्यांना वाचून दाखवायच्या. विभागात त्यांना त्यावरून चिडवायचे म्हणे, पण त्या ऐकायच्या नाहीत. भात कापून झाल्यावर त्या पुन्हा गावात आल्या. सभामंडप भरला. गौराक्का आत आली नाही, बाहेर पारावर बसली, पण बसली.

मॅडमनी सोप्या भाषेत वाचायला सुरुवात केली. गावाचं नाव बदललं होतं, बायांची नावं बदलली होती. अभ्यासात कुणाचं खरं नाव द्यायचं नसतं, कुणाला त्रास होऊ नये म्हणून, असं त्यांनी आधीच सांगितलं. रखमामावशी मालनला कोपरानं ढोसत विचारत होती, "ही इंदिरा म्हंजे मीच काय गं?"

"'याच गावातील एका महिलेने काही वर्षांपूर्वी काजूचे काम सोडले होते,'" मॅडम वाचत होत्या. "'तिच्या अंगठ्याच्या रेषा—'"

"हे चुकलंय."

आई उभी राहिली होती. मला कळायच्या आत उभी राहिली होती. तिनं हात पदरात गुंडाळून घेतले होते.

"काय चुकलं शालनताई?"

"तिनं सोडलं न्हाई. तिला काढलं. खोटं पाडून काढलं. गर मी घेतलावता. पायरीवर खोटा अंगठा मी उठवलावता. तुमचं पुस्तक खरं असायला पायजे न्हवं? मग तसं लिवा."

एवढं बोलून ती मटकन खाली बसली. सुरेखा, मालन, रखमामावशी सगळ्या जमिनीकडं बघत होत्या. गौराक्काशी बोलणं तर त्यांनीही टाकलं होतं. मॅडमनी पेन काढलं आणि ती ओळ खोडली. "लिहिते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घाबरू नका. तुमचं कुणाचंच नाव येणार नाही यात."

"माझं घाला."

गौराक्का पारावरून उठून पायरीशी आली होती.

"बाकीच्यांची बदला," ती म्हणाली. "माझं हाय तसं घाला. गौराबाई दत्तू कांबळे. काढली, चोर न्हवती. असं लिवा."

मॅडम क्षणभर अडखळल्या. मग त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. गौराक्कानं परत वाचायला लावलं. त्यांनी परत वाचलं.

"मग माझं बी घाला," आई खालमानेनं म्हणाली. "मीच केलंय तर माझं बी नाव येऊ दे."

गौराक्का तिच्याकडं बघत राहिली.

"तिचं नगं," ती मॅडमना म्हणाली. "तिच्या पोरीचं लगीन व्हायचंय अजून."